अंगात सदरा, सदऱ्यात माणूस

दत्तजयंतीला गाणगापुरात पाय ठेवायला जागा नसते. भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर स्नान, मग निर्गुण पादुकांचे दर्शन, दुपारी माधुकरी, असा तिथला क्रम. गाव कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यात. पण येणाऱ्यांत मराठी बोलणारे इतके की नवख्याला आपण राज्याची हद्द ओलांडली हे कळायलाही वेळ लागावा. अशा गर्दीत कुणाची तरी चुकामूक होतेच. मग कर्ण्यावरून वर्णन सुरू होते आणि त्यात नावाच्या आधी कपडे येतात. हिरवं लुगडं नेसलेल्या, अंगात खणाची चोळी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, हातात पितळेचा तांब्या, अशा एक आजी मंडपात बसल्या आहेत, त्यांच्या घरच्यांनी यावे. तेच मग कन्नडमधून.

हेच वर्णन इंग्रजीत लिहायची वेळ आली, तर शाळेत दहा वर्षे इंग्रजी शिकलेला नातू पहिल्याच शब्दाला अडतो. ‘नेसलेल्या’ला इंग्रजीत शब्दच नाही. ‘वेअरिंग’ हाताशी असतो, म्हणून तो लुगड्याला लावतो, चोळीला लावतो, चष्म्याला लावतो. तांब्यापाशी गाडी थांबते, कारण तांब्या कुणी घालत नाही. सराईत इंग्रज हेच वाक्य एका दमात म्हणून मोकळा होईल: ‘अ‍ॅन ओल्ड वुमन इन अ ग्रीन सारी, विथ थिक ग्लासेस, कॅरिंग अ ब्रास पॉट.’ लुगड्याला ‘इन’, चष्म्याला ‘विथ’, तांब्याला ‘कॅरिंग’. नेसणे, घालणे, लावणे यांतले एकही क्रियापद नाही, तरी आजी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर आहे की पदराच्या गाठीत, असा प्रश्नही पडत नाही.

‘इन’ आणि ‘विथ’ यांची अदलाबदल करून पाहिली की त्यांचे काम दिसते. ‘अ वुमन विथ अ ग्रीन सारी’ म्हटले तर ऐकणाऱ्याला वाटेल की बाईजवळ एक हिरवी साडी आहे. दुकानातून आणली असेल, बोहारणीकडे द्यायला काढली असेल, पण अंगावर आहेच असे नाही. उलट ‘अ वुमन इन अ ब्रास पॉट’ म्हटले तर आजी तांब्यात जाऊन बसतील.

मराठी माणसाला यात कोडे वाटते ते मराठी तोकडी आहे म्हणून नव्हे. कपड्यांच्या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा कितीतरी काटेकोर आहे. साडी, लुगडे, धोतर नेसतात. सदरा, चोळी, विजार, चप्पल घालतात. शाल पांघरतात. फेटा बांधतात. गजरा माळतात, फूल खोवतात, काजळ आणि दागिने लेतात, कुंकू लावतात, पदर घेतात, उपरणे खांद्यावर टाकतात. ‘तिने साडी घातली’ असे शहरी मुली आता सर्रास म्हणतात, पण बीदर जिल्ह्यातल्या भालकीच्या किंवा औरादच्या एखाद्या घरात आजीसमोर म्हटले तर ती विचारील, साडी काय परकर आहे का घालायला? न शिवलेले कापड कमरेभोवती गुंडाळून, निऱ्या काढून खोचायचे असते, म्हणून ते नेसायचे. शिवलेल्या कपड्यात हातपाय सारायचे असतात, म्हणून तो घालायचा. कापड शिवलेले आहे की नाही, अंगाच्या कुठल्या भागावर आहे, बांधलेले आहे की नुसते टाकलेले, हे सगळे मराठीत क्रियापदातूनच कळते. इंग्रजीने एकाच ‘वेअर’वर साडीपासून अंगठीपर्यंत, अत्तरापासून हसण्यापर्यंत सारे लादले आणि बारकाव्यांची जबाबदारी लहानशा शब्दांवर सोपवली.

या दोन वाटा कशा फुटल्या, याचा माग व्युत्पत्तीत सापडतो, आणि तो मोठा गमतीचा आहे. ‘नेसणे’ आले संस्कृतातल्या ‘नि’ आणि ‘वस्’ यांपासून. ‘वस्’ म्हणजे अंगावर वस्त्र घेणे. ‘वस्त्र’ हा शब्दही त्याच धातूचा. भाषाशास्त्रज्ञ याच मुळाशी लॅटिनमधला ‘वेस्टिस’ जोडतात, ज्यातून इंग्रजीत ‘व्हेस्ट’ आला. आणि जुन्या इंग्रजीतला ‘वेरियन’ही जोडतात, ज्याचा आजचा अवतार म्हणजे ‘वेअर’. म्हणजे नऊवारीतले नेसणे आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकातले वेअर हे एकाच खापरपणजोबाचे वंशज. फरक पडला तो उपसर्गात. संस्कृतात ‘नि’, ‘परि’, ‘प्र’, ‘आ’ हे उपसर्ग धातूला चिकटले: ‘परि’ म्हणजे भोवती, म्हणून ‘परिधान’, ‘प्र’ आणि ‘आ’ मिळून ‘प्रावरण’, त्याचे प्राकृतात घासून घासून ‘पांघरूण’. प्राकृतातून मराठीत येईपर्यंत ते क्रियापदात इतके मुरले की नेसणाऱ्या बाईला ‘नि’ कुठे दिसत नाही. ‘भोवती’, ‘वरून’, ‘आत’ हे अर्थ मराठीने क्रियापदाच्या पोटात ठेवले. इंग्रजीने ते बाहेर, सुटे ठेवले. मराठी मुलगा ज्याला शब्दयोगी अव्ययांची कटकट म्हणतो, ती त्याच्या भाषेने फार पूर्वी गिळून पचवलेली गोष्ट आहे.

आणि हा विषय बीदर-कलबुर्गीच्या या मुलखाला नवा नाही. बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय खावे, कसे खेळावे, हत्ती कसे पारखावेत हे सांगताना त्यात वस्त्रांच्या उपभोगावर स्वतंत्र प्रकरण आहे: कोणत्या ऋतूत कोणते वस्त्र, कोणता रंग. याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असाही उल्लेख येतो, म्हणून मराठी वाङ्मयाचे अभ्यासक त्याच्याकडे वळतात. कपड्यांचे वर्णन नेमके करायची हौस इथे नऊशे वर्षांची जुनी आहे म्हणायला हरकत नाही.

आता त्या चुकीकडे, जी मराठी, कन्नड, उर्दू अशा सगळ्याच घरांतली मुले इंग्रजीत करतात आणि जिच्यासाठी वर्गात लाल शाई सर्वांत जास्त खर्च होते. ‘शी इज वेअरिंग स्लिपर्स इन हर फीट.’ ‘ही हॅज अ रिंग इन हिज फिंगर.’ ‘देअर वॉज अ गार्लंड इन हिज नेक.’ चूक कुठून येते ते उघड आहे. पायात चप्पल, बोटात अंगठी, गळ्यात हार. मराठी शरीराला भांडे समजते. अंगात सदरा येतो, तसा ताप येतो, मस्ती येते, देवीही येते. इंग्रजी नेमके उलट पाहते. तिथे भांडे म्हणजे कपडा, आणि आत असतो तो माणूस. मराठीत सदरा अंगात. इंग्रजीत माणूस सदऱ्यात. म्हणून ‘इन’ हा शब्द शरीराच्या अवयवापुढे आला की बहुधा चुकतो आणि कपड्यापुढे आला की बहुधा बरोबर ठरतो: ‘अ मॅन इन अ व्हाइट शर्ट’, ‘अ गर्ल इन स्लिपर्स’. अवयवाचे नाव घ्यायचेच असेल तर कपडा त्याच्यावर किंवा भोवती ठेवायचा: चपला ‘ऑन हर फीट’, अंगठी ‘ऑन हिज फिंगर’, बांगड्या ‘ऑन हर रिस्ट्स’, हार ‘राउंड हिज नेक’.

अपवाद आहेत, आणि ते शहाणे आहेत. कानातले डूल ‘इन हर इअर्स’, नाकातली चमकी ‘इन हर नोज’, केसातला गजरा ‘इन हर हेअर’. वस्तू खरोखरच अवयवाच्या आत शिरते, टोचलेल्या भोकात किंवा केसांच्या गुंत्यात, तिथे इंग्रजीलाही ‘आत’ म्हणावेसे वाटते. नथीबद्दल मराठी आणि इंग्रजी यांचे एकमत आहे. अंगठीवर येऊन ते मोडते.

मराठीचा हा ‘त’ सरसकट मात्र नाही, आणि हे मराठी माणसाच्याही लक्षात येत नाही. अंगात सदरा, पण अंगावर शाल. अंगात चोळी, पण अंगावर लुगडे. ज्यात हात घालावा लागतो ते अंगात. जे वरून घ्यायचे ते अंगावर. कमरेला करदोटा, डोक्याला फेटा, कपाळाला कुंकू: जे बांधायचे किंवा लावायचे तिथे ‘ला’. घड्याळ हातात असते आणि हाताला असते, यांतही फरक आहे. पहिले दुरुस्तीला नेताना असू शकते, दुसरे मनगटावर बांधलेलेच. ज्या मुलाला मातृभाषेतला हा भेद न शिकवता येतो, त्याला ‘इन’, ‘ऑन’ आणि ‘राउंड’ यांचा भेद अवघड असायचे कारण नाही. अडचण एवढीच की वर्गात त्याला इंग्रजी शब्दांचे तक्ते पाठ करायला देतात. त्याच्याच तोंडातले ‘अंगात’ आणि ‘अंगावर’ कुणी फळ्यावर लिहीत नाही.

सीमाभागात तर आणखी मदतनीस आहेत. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाचा, राज्यकारभार उर्दूत. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य तीन ठिकाणी वाटले गेले. जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, उरलेला बीदर आणि गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) म्हैसूर राज्याला मिळाला, जे पुढे १९७३ ला कर्नाटक झाले. भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण आणि पलीकडे आळंद या पट्ट्यात आजही एका घरात मराठी, गल्लीत दखनी, कचेरीत कन्नड आणि बाजारात थोडी तेलुगू असा व्यवहार चालतो. या प्रत्येक भाषेचा कपड्यांकडे पाहण्याचा आपला स्वभाव आहे.

कन्नड मराठीची सख्खी शेजारीण शोभते. तिच्यात नेसण्याला ‘उडु’ आणि घालण्याला ‘तोडु’ अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत, आणि दोन्ही मिळून जोडशब्द झाला ‘उडुगे-तोडुगे’, म्हणजे पेहराव. फुले माळण्याला ‘मुडि’, पांघरण्याला ‘होदि’, गुंडाळण्याला ‘सुत्तु’. दोन्ही भाषांची कुळे वेगळी, एक द्राविडी आणि एक आर्य, पण शेकडो वर्षे एकाच विहिरीवर पाणी भरल्यावर घागरीही सारख्या होतात. तेलुगू बाई साडी बांधते, ‘कट्टु’ म्हणते. उर्दू मात्र या बाबतीत इंग्रजीच्या पंक्तीला बसते: साडी, शेरवानी, जूता, अंगूठी, चूडियाँ, सगळ्याला ‘पहनना’ चालते. आणि कन्नडमध्ये कपडे ‘मै मेले’ असतात, म्हणजे अंगावर. देवसुद्धा तिथे अंगात येत नाही, ‘मै मेले’ येतो. ज्या मुलाला कन्नड येते त्याच्याकडे इंग्रजीचा ‘ऑन’ घरचाच आहे.

‘विथ’ हा शब्द सर्वांत फसवा, आणि त्याचा स्वभाव समजायला चित्रांच्या नावांइतकी चांगली शाळा नाही. हेगच्या मॉरिट्सहाउस संग्रहालयात योहानेस फर्मीरचे १६६५ च्या सुमाराचे चित्र आहे, ‘गर्ल विथ अ पर्ल इअरिंग’. मुलीच्या डोक्याला निळेपिवळे कापड गुंडाळले आहे, अंगात तपकिरी अंगरखा आहे. नाव मात्र मोत्याचे. मोती मुलीला झाकत नाही, तो तिच्यासोबत आहे, म्हणून ‘विथ’. लिओनार्दो द विंचीचे ‘लेडी विथ अ‍ॅन अर्मिन’ पाहावे: अर्मिन हा मुंगसासारखा पांढरा प्राणी, तो जिवंत आहे आणि तिच्या हातांत आहे. या प्राण्याच्या कातड्याची वस्त्रे युरोपातले राजे वापरत, तेव्हा नावात ‘विथ’च्या जागी ‘इन’ असता तर बिचाऱ्याचे कातडे होऊन तिच्या खांद्यावर आले असते. एका शब्दाने जीव वाचला म्हणायचे.

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आहे. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या कलादालनात ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातले चित्र पाहायला लोक खोलीत दाटी करतात. ते काढले सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी, विसाव्या शतकाच्या चाळिशीत. समोर उभी होती त्यांची मुलगी. एका हातात समई, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा, बोटांतून तांबूस उजेड झिरपतो आहे. लोकांच्या तोंडी या चित्राचे नाव ‘वुमन विथ द लॅम्प’. तिच्या वर्णनात दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात: ती साडीत ‘इन’, दिव्यासह ‘विथ’. मराठीत हेच दोन प्रत्ययांनी होते: साडीतली बाई, दिवेवाली बाई. ‘साडीतली’, ‘गणवेशातला’, ‘साध्या वेशातला पोलीस’ हे प्रयोग मराठीत आहेत. म्हणजे माणसाला कपड्यात बसवणे आपल्यालाही येते, फक्त ते बाजारात, गल्लीत, दुरून बोट दाखवताना सुचते. आणि ‘चष्मेवाला’, ‘दाढीवाला’ यांतला ‘वाला’ म्हणजे जवळजवळ ‘विथ’च.

दाढीवरून आठवले. दाढी नेहमी ‘विथ’. ‘अ मॅन इन अ बिअर्ड’ म्हटले की इंग्रज ऐकणाऱ्याला ती खोटी वाटते, नाटकातल्या पात्राने डिंकाने चिकटवलेली. मराठी हाच भेद पुन्हा क्रियापदाने करते: दाढी राखलेला आणि दाढी लावलेला.

नियम लोखंडी नाही हेही सांगायला हवे. आंरी मातीसच्या १९०५ च्या ‘वुमन विथ अ हॅट’ मध्ये हॅट बाईच्या हातात नाही, चांगली डोक्यावर आहे, आणि तिथे ‘इन’ही चालला असता. टोपी, चष्मा, फेटा या सीमेवरच्या वस्तू; दोन्ही शब्द त्यांना लागतात. शंका नको असेल तर इंग्रज ‘ऑन’ शेवटी जोडतो: ‘विथ अ हॅट ऑन’. दागिन्यांचेही तसेच. एक माळ असेल तर ‘विथ’, पण हिरेमोत्यांनी बाई झाकूनच गेली तर ‘इन डायमंड्स’. मराठीत अशा बाईला सोन्याने पिवळी झाली म्हणतात. दागिन्याचा कपडा झाला की इंग्रजी त्याला कपड्याचा मान देते, असे समजावे. बीदरच्या बिदरी कामाची माहिती इंग्रजीत वाचली तर तिथेही ‘विथ’च: जस्त आणि तांब्याच्या काळ्या धातूत चांदी बसवलेली, ‘इनलेड विथ सिल्व्हर’. मूळ वस्तू एक, सोबत नक्षी. साडी ‘विथ अ झरी बॉर्डर’. कलबुर्गीच्या तांड्यावरल्या लमाण बाईचा घेर ‘विथ मिरर्स’, पण बाई स्वतः ‘इन’ घेरदार फेटिया आणि कांचळी.

रंग नुसता घेतला तरी ‘इन’च लागतो, आणि मग मधला ‘अ’ गळतो: ‘द वुमन इन रेड’, ‘अ पोलिसमन इन खाकी’. गणवेशालाही तेच, ‘इन युनिफॉर्म’.

पंचतंत्रात वाघाचे कातडे घातलेल्या गाढवाची गोष्ट आहे. इसापाच्या इंग्रजी पुस्तकांत वाघाऐवजी सिंह आहे आणि गोष्टीचे नाव ‘द अ‍ॅस इन द लायन्स स्किन’. मराठीत मात्र कुणी ‘वाघाच्या कातड्यातले गाढव’ म्हणत नाही. ते असते ‘वाघाचे कातडे पांघरलेले गाढव’. एका भाषेने दोन अक्षरांचा शब्द ठेवला, दुसरीने पूर्ण क्रिया दाखवली. गाढवाने कातडे कसे घेतले हे मराठी ऐकणाऱ्याला दिसते: वरून टाकलेले, केव्हाही सरकून पडेल असे. गोष्टीचा शेवट नावातच आला.

इंग्रजीत ही क्रिया दाखवायला ‘ड्रेस्ड’ पुढे येतो, आणि त्याच्यामागे कोणता शब्द लावायचा याची मुलांना धास्ती असते. कापडाला ‘इन’. सोंगाला ‘अ‍ॅज’: पंधरा ऑगस्टला शिवाजी किंवा बसवण्णा होऊन आलेला मुलगा ‘ड्रेस्ड अ‍ॅज’, आणि मुले स्वतः म्हणतात तो ‘शिवाजी बनलाय’. ‘ड्रेस्ड विथ’ वाचले तर बहुधा काकडीच्या कोशिंबिरीवर तेल-लिंबू घातलेले असते.

‘पुट’ची गंमत वेगळी. मराठीत मीठ घालतात, पाणी घालतात, पोरांना जेवायला घालतात, भांडणात तोंड घालतात आणि सदराही घालतात. कन्नडचा ‘हाकु’ही तसाच सर्वसंग्रही. म्हणून ‘ही पुट अ शर्ट’ असे वाक्य इकडे फार ऐकू येते. इंग्रजाला ते अर्धवट वाटते. त्याने शर्ट ठेवला, पण कुठे? खुर्चीवर? ‘पुट ऑन’ म्हटल्याशिवाय तो अंगावर चढत नाही. मराठी ‘चढवणे’ या क्रियापदात हाच ‘ऑन’ लपलेला आहे.

आणि एक वाक्य असे आहे जिथे दोन शब्दयोगी एकमेकांची जागा घेतात आणि दोन्ही बरोबर ठरतात. बसवकल्याणच्या कापड दुकानात गाठोडे सोडून इरकली साड्या पसरल्या आहेत, नणंद भावजयीच्या खांद्यावर एक घडी टाकून बघते. इंग्रजीत ती म्हणेल ‘यू लुक गुड इन इट’ किंवा ‘इट लुक्स गुड ऑन यू’. बाई साडीत, नाही तर साडी बाईवर. कोण मुख्य त्यावर शब्द ठरतो. मराठीत याला तीन वाटा आहेत: या साडीत छान दिसतेस वहिनी, हा रंग तुझ्यावर खुलतो, ही साडी तुला शोभते. दुकानदार कुठलीही ऐकली तरी समजतो की आता भाव करायची वेळ आली.

कर्नाटकच्या दहावीच्या परीक्षेत, म्हणजे एसएसएलसीला, द्वितीय भाषा इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत चित्र बघून वर्णन लिहा असा प्रश्न असतो. मराठी माध्यमातल्या मुलांना मराठी प्रथम भाषा घेता येते, पण हा इंग्रजीचा उंबरठा सगळ्यांना सारखाच. अशा उत्तरात मुले ‘पँट’ एकवचनी करतात, कारण मराठीत ती एकच असते. इंग्रजीत पाय दोन म्हणून पँट्स आणि ट्राउझर्स, भिंगे दोन म्हणून ग्लासेस, सगळे अनेकवचनी. ‘अ ट्राउझर’ म्हणजे अर्धा माणूस.

शेवटी रुमाल. हा फारसी शब्द, ‘रू’ म्हणजे तोंड आणि ‘माल’ म्हणजे पुसणारा. पुण्यात तो खिशात राहिला. मराठवाड्यात आणि बीदरकडे तो डोक्यावर गेला. कन्नडमध्येही ‘रुमालु’ म्हणजे पागोटेच. तोंड पुसायच्या कापडाला मग इकडे ‘दस्ती’ म्हणू लागले. त्यामुळे ‘डोक्याला पांढरा रुमाल’ हे वर्णन शब्दकोश उघडून इंग्रजीत नेले, तर एक म्हातारा गृहस्थ खिशातली चौकोनी घडी टाळूवर ठेवून उभा राहतो. ब्रुजचा चित्रकार यान व्हान आइक याने १४३३ मध्ये डोक्याला लाल कापड गुंडाळलेल्या माणसाचे चित्र काढले. लंडनच्या नॅशनल गॅलरीतले हे चित्र ‘मॅन इन अ रेड टर्बन’ म्हणून ओळखले जाते, आणि जाणकार सांगतात की ते टर्बन नाहीच, शॅपरॉन नावाचे युरोपी शिरोवस्त्र आहे. औरादचा शेतकरी तेच चित्र बघून म्हणेल, रुमाल बांधलाय गड्याने.

हरवलेल्या माणसाचे पत्रक पोलीस ठाण्यातून निघते तेव्हा त्यात हे सगळे थोडक्यात येते. वय, उंची, बांधा, चेहरा गोल की उभट, वर्ण गोरा की सावळा, अंगावरचे कपडे. मग पांढरे धोतर, पांढरा सदरा, डोक्याला रुमाल, पायात वहाणा. आणि त्याखाली आणखी एक रकाना, जो या जिल्ह्यांत क्वचितच एका शब्दाने भरतो. येणाऱ्या भाषा: मराठी, कन्नड, हिंदी.